मदत हवी आहे: 'सॉलिड'ला मुलांना नेमका कोणता मराठी शब्द द्यावा?

नमस्कार मंडळी. मी गोव्यात डिचोली तालुक्यातल्या एका गावात राहते. संध्याकाळी वाड्यावरची सात-आठ मुलं माझ्याकडे अभ्यासाला येतात. ही सगळी चौथीपर्यंत मराठीतून शिकलेली आणि पाचवीला एकदम इंग्रजी माध्यमात गेलेली. विज्ञानात नवा शब्द आला की पहिला प्रश्न ठरलेला, "ताई, हाका मराठीत किदें म्हणटात?" गेल्या आठवड्यात शब्द आला सॉलिड. मी भाताची शिटी मोजता मोजता सांगून टाकलं, घट्ट.

दुसऱ्या दिवशी एका मुलीच्या वहीत सॉलिडच्या रकान्यात चिरा, पाटी, नारळाची करवंटी आणि त्याखाली मध. मी खोडणार तोच ती म्हणाली, "पण ताई, आमच्या घरचो मध घट्टच आसा." तिचं काहीच चुकलेलं नव्हतं. मराठीत मध घट्ट, दही घट्ट, बरणीचं झाकण घट्ट आणि मैत्रीसुद्धा घट्ट. चुकीचा शब्द मी दिला होता. मग वाटीत मध घेऊन वाटी तिरकी धरली. मध सावकाश काठाकडे सरकला, तिने तो डोळे न हलवता पाहिला आणि स्वतःच खोडरबर घेतलं. मध वाहतो हे तिला पटलं, पण सॉलिडला मराठीत म्हणायचं काय, हे राहिलंच.

मराठी पाठ्यपुस्तकांतला शब्द स्थायू. स्थायू, द्रव, वायू ही त्रयी नेमकी आहे, मला आवडतेही, पण मुलांच्या घरात तो शब्द कुणाच्या तोंडी नाही, त्यामुळे सॉलिडइतकाच परका. मोबाइलवरच्या हिंदी धड्यांमुळे त्यांना ठोस माहीत आहे. आपल्याकडे ठोस पुरावा, ठोस निर्णय चालतं, पण दगडाला ठोस म्हटलेलं मला खटकतं. उरला घन. पंचायतीच्या गाडीवर घनकचरा लिहिलेलं मुलं रोज वाचतात. पण गणितात घन म्हणजे क्यूब, आणि घनाकृती म्हणजे चेंडू, शंकू, डबा सगळंच. मुलं इथे हमखास अडकतात.

घन या शब्दाला एक वाट मात्र आमच्या घरातूनच सापडली. नाट्यशास्त्रात वाद्यांचे चार प्रकार आहेत: तत, सुषिर, अवनद्ध आणि घन. चवथीच्या आरतीला घुमट, शामेळ आणि कासाळें (झांज) वाजतं. घुमट आणि शामेळ चामडं ताणून बसवलेली, म्हणून अवनद्ध. कासाळें घन, कारण तिथे धातूच वाजतो, ना तार, ना कातडं, ना फुंकर. हे सांगितल्यावर मुलांचे चेहरे उजळले. घुमट हे २०१९ पासून गोव्याचं वारसा वाद्य आहे, तेव्हा घरोघरी त्याचं कौतुकही आहे.

पण त्याच घुमटाने मला पुन्हा अडवलं. मी खुंटीवरचं घुमट काढून मुलांपुढे ठेवलं आणि विचारलं, हे सॉलिड आहे का? निम्मे हो म्हणाले, निम्मे नाही. दोन्ही बरोबर! भाजलेली माती स्थायू आहे, पण घुमट आतून पोकळ. म्हणजे इंग्रजीत एकाच शब्दात दोन गोष्टी आहेत, पदार्थाची अवस्था आणि वस्तूचा भरीवपणा. मराठीत त्या वेगळ्या आहेत आणि मला वाटतं हीच आपली श्रीमंती. सोनार पाटली हातात घेऊन भरीव की पोकळ ते सांगतो, स्थायू आहे का असं तो कधीच म्हणणार नाही.

मूळ शब्द पाहिला तर तोही भरीवकडेच झुकतो. लॅटिन सॉलिडस म्हणजे अखंड, भरीव. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने चौथ्या शतकात याच नावाचं सोन्याचं नाणं पाडलं. एका रोमन पौंडात ७२ नाणी, प्रत्येक साधारण साडेचार ग्रॅमचं. त्याच नाण्याच्या नावावरून पोर्तुगीजमध्ये सैनिकाचा पगार सोल्दु आणि सैनिक सोल्दादु. माझी आजी पोर्तुगीज काळाच्या गोष्टी सांगताना अजून सोल्दाद म्हणते. सॉलिड आणि सोल्दाद सख्खे भाऊ आहेत हे कळल्यापासून मी तिला रोज नवीन काहीतरी विचारते.

बाकीचे वापर तसे सोपे आहेत. रस्त्यावरची अखंड रेषा, सलग दोन तास पाऊस, भक्कम पाठिंबा, बाळाचं वरचं अन्न, आणि "सॉलिड मजा आली" मधला सॉलिड तर आता मराठीच झाला आहे.

मला खरी मदत हवी आहे ती क्रियापदांसाठी. डिसेंबरच्या सकाळी खोबरेलाची बाटली उलटी केली तरी तेल येत नाही, कारण साधारण २४ अंशांच्या खाली ते गोठतं. बाटली उन्हात ठेवली की पातळ. स्थायू आणि द्रव शिकवायला याहून चांगली वस्तू माझ्या घरात नाही. पण याला तुमच्याकडे काय म्हणतात? आम्ही तूप थिजलं, पाणी गोठलं, रक्त साकळलं, दही लागलं म्हणतो. तेलाला कुणी थिजलं म्हणतात, कुणी गोठलं. पेडणे, सत्तरी, काणकोण, तसंच सावंतवाडी-मालवणकडच्या लोकांनी घरात बोलतात तोच शब्द वाक्यासकट लिहावा. माडाचं गोड, म्हणजे माडाचा गूळ, कढवताना ते दाट होतं आणि मग वडी धरते, या दोन टप्प्यांना वेगळे शब्द असतील तर ते फार उपयोगी पडतील.

शिक्षकांना एक वेगळी विनंती. मी पाचवीसाठी पदार्थाला स्थायू, वस्तूला भरीव आणि गणितात घनाकृती असं ठरवते आहे. यात पुढच्या इयत्तांत कुठे अडेल का? आणि वाळू ओतता येते, मग ती द्रव का नाही, असं विचारणाऱ्या मुलाला मी एक कण तळहातावर ठेवून दाखवला, तो हलवला तरी आकार तोच. एवढं पुरेसं आहे, की आणखी काही दाखवता?

रविवारी मुलांबरोबर भिंतीवरचा तक्ता रंगवायचा आहे. घरच्या शब्दांचा रकाना मी रिकामा ठेवला आहे.