मदत हवी आहे: ग्लायडरची शेपटी केवढी ठेवू?

गगनभरारी:
थर्मोकोलचं ग्लायडर आहे, पंख टोकापासून टोकापर्यंत एक मीटर. हातातून सोडलं की कधी नाक वर करून मागे कोसळतं, कधी सरळ जमिनीत. दोनदा सारखं उडत नाही. शेपटी मोठी करू की छोटी, एवढंच सांगा. रविवारी दाखवायचंय.

बाल्साप्रेमी:
पंखाची रुंदी? शेपटीची मापं? दोन्हींत अंतर? सीजी, म्हणजे बोटावर तोललं की ग्लायडर सपाट राहतं तो बिंदू, कुठे? नुसत्या एक मीटरवरून काय डोंबल सांगणार?

सुसाट:
मोटर लाव रे. तीन सेलची बॅटरी टाकली की कसलंही उडतं.

बाल्साप्रेमी:
ग्लायडर म्हणालाय तो.

गगनभरारी:
रुंदी १५ सेमी, शेपटी २० × ६, अंतर ४५. सीजी मधोमधच असतो ना?

बाल्साप्रेमी:
मधोमध? तिथेच घोडं अडलंय! पंखाच्या पुढच्या कडेपासून ४ ते ५ सेमीवर आण. आता शेपटी. तिचं क्षेत्रफळ गुणिले अंतर, भागिले पंखाचं क्षेत्रफळ गुणिले रुंदी. तुझं येतं १२० × ४५ भागिले १५०० × १५, म्हणजे ०.२४. ०.५ च्या आसपास हवं. ३१ × ८ काप.

तात्या_विमानवाले:
उगाच कापाकापी कशाला? नाकात माती भरा, सीजी ४ सेमीच्याही जरा पुढे न्या. आहे त्या शेपटीवर उडेल.

बाल्साप्रेमी:
उडेल हो तात्या. पण एवढ्याशा शेपटीवर सीजी पाच मिलिमीटर मागे सरकला तरी पुन्हा नाटकं सुरू. आणि मोठ्या शेपटीलाही नाकात वजन लागणारच, ती मागे जड होते.

चिमणी७:
उभ्या शेपटीचं कोणीच बोलत नाहीये. ४५ सेमी अंतराला १०० चौ. सेमी पुष्कळ. पंखांची टोकं वर उचललेली नसतील आणि उभी शेपटी अवाढव्य असेल, तर गिरक्या घेत खाली येतं.

सुसाट:
पुण्यात चांगलं बाल्साचं हलकं लाकूड कुठे मिळतं?

तात्या_विमानवाले:
वेगळा धागा काढा.

गगनभरारी:
३१ × ८ लावली, नाकात नाणी चिकटवली. सीजी साडेचारवर. आता बऱ्यापैकी तरंगतंय, पण सारखं डावीकडे वळतं. उभी शेपटी वाढवू?

बाल्साप्रेमी:
कात्री ठेव खाली! आधी मागून बघ, पंखाला पीळ पडलाय का. आणि टोकं उचललीयेत की सपाट? चिमणीताईंना उत्तर दिलंच नाहीस.