चौदा वर्षांखालच्या पोरांना जिंकायची सवय कशी लावायची? (व्हॉलीबॉल)

पेठकर: नमस्कार मंडळी. मंगळवार पेठेत संध्याकाळी पोरांना व्हॉलीबॉल शिकवतोय. सगळी सातवी-आठवीची. उडी चांगली, हात चांगला. पण १८-१२ नं पुढं असलेला सेट २२-२५ नं घालवतात. एक पॉइंट गेला की एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसतात. काय करावं? (फुटबॉलला अख्खं कोल्हापूर लोटतं, आमच्याकडं पालकबी फिरकत नाहीत, पण ते जाऊ द्या.)

जुना_लिफ्टर: भावा, आधी एक वही घाल. कुणाची सर्व्हिस नेटात गेली, कुणाची बाहेर, एवढंच लिही. पूर्वी सर्व्हिस चुकली तर नुसती सर्व्हिस समोरच्याकडं जायची, पॉइंट नाही. नव्वदच्या दशकाच्या शेवटी रॅली पॉइंट आला, तेव्हापासून प्रत्येक चूक म्हणजे समोरच्याला फुकट पॉइंट. सेटमध्ये अशा सहा सर्व्हिस गेल्या तर २५ पैकी त्यांना १९ च कमवायला लागतात. या वयात जंप सर्व्हिसचा नाद सोडा. खालून मारली तरी चालेल, पण आत पडू दे.

दुसरं, सराव नेहमी ०-० पासून कशाला? १८-१२ पासूनच खेळवा. पुढं असलेल्यांनी सेट मिटवायचा, मागं असलेल्यांनी गाठायचा. मग बाजू बदला. तुमच्या पोरांना खेळ येतोय, सेट संपवायची सवय नाही.

शाहूपुरीची_ताई: बोलायला लावा हो! दोघांच्या मधे बॉल पडतो तो न बोलल्यामुळं. ‘माझा’ असं मोठ्यानं ओरडल्याशिवाय बॉल घेतला तर सरावात पॉइंट समोर. माझ्या मुली सुरुवातीला लाजायच्या, आता शेजारी तक्रार करतात. आणि पॉइंट गेला की सहाही जणांनी मधे यायचं, हाताला हात लावायचा, परत जागेवर. वेळ पुरतो. शिट्टीनंतरही सर्व्हिसला आठ सेकंद असतात.

रंकाळा_वारा: मला पटत नाही. सातवीच्या पोरांना आत्ताच जिंकायचं कशाला शिकवता? बाकावरची पोरं खेळतात का, ते सांगा.

जुना_लिफ्टर: खेळलीच पाहिजेत. वहीत त्यांचंबी नाव असतंय. पण आठवडाभर घाम गाळून पोरगं हरल्यावर रडतंय, त्याला काय सांगणार?

पेठकर: बाकावरची चौघं आहेत, उद्यापासून १८-१२ च्या सरावात तीच १८ वाल्या बाजूला. टाइमआउटमध्ये काय सांगायचं? मी तर सगळंच सांगतो.

शाहूपुरीची_ताई: तीस सेकंदांत एकच. ‘सर्व्हिस पाच नंबरवर’ (म्हणजे त्यांच्या मागच्या डाव्या कोपऱ्यात) म्हणा आणि पाणी प्यायला द्या.

पेठकर: बरं ताई. पावसाळ्यात ग्राउंडचा चिखल झाल्यावर काय करता? कुठं हॉल मिळत असेल तर कळवा.