जीनोमिक्स शून्यापासून शिकायचंय, सुरुवात कुठून करू?

रानजाई
नंदुरबार जिल्ह्यात दहावीला विज्ञान शिकवते, पदवी रसायनशास्त्राची. ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ शिकवताना प्रतिलेखन (डीएनएवरून एमआरएनए ही नक्कल काढणं), भाषांतरण (त्या नकलेवरून प्रथिन बनवणं) निभावून नेते, पण मुलं विचारतात, “मॅडम, जनुक नेमकं कुठून कुठपर्यंत असतं?” वर्गात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची मुलंही आहेत. विषय नीट समजून घ्यायचाय. मोफत काय सुचवाल?

सातपुडा
मॅडम, सिकलसेलपासूनच सुरुवात करा. जीनोमची, म्हणजे माणसाच्या संपूर्ण डीएनएची, तीन अब्ज अक्षरं (ए, सी, जी, टी) थांबतील. हिमोग्लोबिनचा एक भाग बनवणारं एचबीबी हे एकच जनुक घ्या: 11व्या गुणसूत्रावर, तीन एक्सॉन (एमआरएनएत टिकणारे तुकडे), दोन इंट्रॉन (मधले, कापून टाकले जाणारे). एनसीबीआय या अमेरिकी सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावर त्याच्या एमआरएनएचा क्रम मोफत मिळतो. वहीत उतरवा आणि प्रथिनाचा मजकूर जिथे सुरू होतो त्या एटीजीपासून तीन-तीन अक्षरं पाडा; एक त्रिक म्हणजे प्रथिनातलं एक अमिनो आम्ल. एटीजी सोडून सहावं त्रिक जीएजी. त्यातल्या ए च्या जागी टी आला की ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं. मग ऑक्सिजन कमी झाला की हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब तंतू होतात आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. एका अक्षरापासून आजारापर्यंतची अख्खी वाट स्वतःच्या हाताने चालून बघा.

पेशीमित्र
+1. सोबत युटा विद्यापीठाचं ‘लर्न जेनेटिक्स’ बघा, चित्रं फार छान आहेत. प्रोग्रॅमिंगची ओढ असेल तर ‘रोझालिंड’ या संकेतस्थळावर सरावाची गणितं आहेत, पहिलंच ए, सी, जी, टी मोजायचं. पण त्याची घाई नको.

रानजाई
क्रम उतरवला, जीएजी सापडलं! आता पुढचा प्रश्न: जनुकं 20 हजारांच्या आसपास, मग एवढा मोठा जीनोम कशासाठी?

सातपुडा
प्रथिनांचा मजकूर जेमतेम दीड टक्का. उरलेल्याचं काम अजून पुरतं उलगडलेलं नाही, पण जनुक कधी चालू, कधी बंद हे ठरवणारे भाग त्यातच आहेत. याचंही उदाहरण सिकलसेलमध्येच मिळतं. गर्भातलं हिमोग्लोबिन जन्मानंतर मिटवण्यात बीसीएल11ए या जनुकाचा मोठा वाटा. क्रिस्पर या डीएनए कापण्याच्या तंत्राने त्याचा रक्तपेशींपुरता नियंत्रक भाग तोडला की ते हिमोग्लोबिन पुन्हा बनू लागतं. या उपचाराला 2023 मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळाली. खर्च प्रचंड आहे, मुलांना हेही सांगा.

आणि एक विनंती. वर्गात वाहक (जनुकाची एकच प्रत बदललेली) आणि रुग्ण (दोन्ही प्रती बदललेल्या) यांतला फरक आधी स्पष्ट करा, आणि कोणाचा तपासणी अहवाल काय आहे हे चारचौघांत निघू देऊ नका. मुलींच्या लग्नाच्या वेळी त्याचा त्रास होतो.