पोलीस स्मृतिदिनाच्या फळ्यावर कोणाकोणाची नावे लिहावीत?

गिरगावचा वाचक (प्रश्न):
आमच्या वाचनालयाच्या दारातील फळ्यावर एरवी नव्या पुस्तकांची यादी असते. येत्या २१ ऑक्टोबरला त्यावर कर्तव्य बजावताना प्राण गमावलेल्या मुंबईतील पोलिसांची नावे लिहावीत, असे कार्यकारिणीत ठरले. मात्र पुढच्या तपशिलावर एकमत होत नाही. २००८ च्या दहशतवादी हल्ल्यामुळे २६ नोव्हेंबर हीच मुंबईची खरी तारीख असल्याने फळा त्या दिवशी लिहावा, असे एका सदस्यांचे म्हणणे आहे. दुसऱ्यांच्या मते करकरे, कामटे आणि साळसकर यांची छायाचित्रे लावली, खाली तुकाराम ओंबळे यांचे नाव लिहिले, की काम झाले. मथळ्यात ‘शहीद’ लिहावे की ‘हुतात्मा’, हा वाद तर वेगळाच. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

निवृत्त लिपिक, नायगाव:
आपण २१ ऑक्टोबर हीच तारीख कायम ठेवावी. २१ ऑक्टोबर १९५९ रोजी लडाखमधील हॉट स्प्रिंग्ज येथे, आदल्या दिवशी टेहळणीला जाऊन न परतलेल्या सहकाऱ्यांच्या शोधात निघालेल्या तुकडीवर चिनी सैन्याने हल्ला केला आणि केंद्रीय राखीव पोलीस दलाचे १० जवान मारले गेले. त्यांचे मृतदेह चीनने परत केले ते तीन आठवड्यांहून अधिक काळाने, १३ नोव्हेंबरला. हा दिवस देशभर पाळण्याचा निर्णय पुढच्याच वर्षी राज्यांच्या पोलीसप्रमुखांच्या परिषदेत झाला. म्हणजे ही तारीख एखाद्या शहराची वा एखाद्या हल्ल्याची नाही, आणि म्हणूनच तिच्याखाली सर्वांची नावे लिहिता येतात.

आमच्या नायगावच्या मैदानावर त्या सकाळी संचलन होते, शस्त्रे उलटी धरून मानवंदना देण्याचा, म्हणजे ‘शोक शस्त्र’चा हुकूम सुटतो, बंदुकांच्या फैरी झडतात, पण माझ्या मते त्या कार्यक्रमाचा गाभा आहे तो नामवाचनाचा. आदल्या वर्षीच्या १ सप्टेंबरपासून त्या वर्षीच्या ३१ ऑगस्टपर्यंत देशभरात कर्तव्यावर मृत्यू आलेल्यांची नावे राज्यवार वाचली जातात. यादी लांबते, उन्हात उभे असलेले पाहुणे चुळबुळ करू लागतात, तरी वाचणारा अधिकारी एकही नाव गाळत नाही. फळा लिहिताना हाच दंडक पाळावा.

फोर्टची रहिवासी:
वरील प्रतिसादाशी सहमत आहे. चार नावांवर थांबण्याच्या सूचनेला मात्र माझा स्पष्ट विरोध आहे. कामा रुग्णालयाजवळील रंगभवनच्या गल्लीत ज्या क्वालिस गाडीवर गोळीबार झाला, त्या गाडीत तीन अधिकारी होते हे आपल्याला पाठ आहे. त्याच गाडीत बाळासाहेब भोसले, योगेश पाटील आणि जयवंत पाटील हेही मृत्युमुखी पडले, हे किती जणांना सांगता येईल? जखमी अवस्थेत जिवंत राहिलेले अरुण जाधव नसते, तर त्या गाडीत आत काय घडले हे कळलेही नसते. तीच गाडी पळवून अतिरेकी मेट्रो चौकात आले, तेथे त्यांच्या गोळीबारात अरुण चित्ते गेले. त्याआधी कामा रुग्णालयात प्रकाश मोरे आणि विजय खांडेकर, तर सीएसटी स्थानकात रेल्वे पोलिसांचे निरीक्षक शशांक शिंदे आणि शिपाई अंबादास पवार यांचा मृत्यू झाला होता.

स्थानकात गृहरक्षक दलाचे मुकेश जाधव आणि रेल्वे सुरक्षा दलाचे हवालदार चौधरी हेही होते. ‘ते मुंबई पोलीस नव्हेत’ असा आक्षेप कोणी घेतला, तर तो मानू नये. गोळीने गणवेशाचा रंग पाहिला नव्हता. राज्य राखीव पोलीस दलाचे राहुल शिंदे ताजमध्ये पडले. सोलापूर जिल्ह्यातील त्यांच्या सुलतानपूर गावाने आपले नाव बदलून राहुलनगर केले, आणि आपण मुंबईकर मात्र त्यांचे नाव फळ्यावर मावत नाही म्हणून गाळणार! यादी हुद्द्यांच्या उतरंडीने न लावता ठिकाणांनुसार लावावी, म्हणजे वाचणाऱ्याला स्वतःच्या रोजच्या रस्त्यावरची माणसे दिसतील.

एक पोलीसपुत्र:
२६/११ पुरतेच थांबू नये, एवढीच विनंती. वाहतूक शाखेचे विलास शिंदे यांनी ऑगस्ट २०१६ मध्ये खारच्या एका पेट्रोल पंपावर विनाहेल्मेट दुचाकीस्वाराला अडवले, त्यावरून त्यांच्या डोक्यात प्रहार झाला आणि काही दिवसांनी रुग्णालयात त्यांचे निधन झाले. तेथे ना अतिरेकी होता ना चकमक. होते ते आपल्यातलेच कोणीतरी, आणि म्हणूनच ते नाव लिहायला आपला हात अडखळतो. करोनाच्या काळात नाकाबंदीवर उभे राहून संसर्गाने गेलेले पोलीसही याच यादीतले आहेत. माझे वडील त्या काळात घरी येत, तेव्हा जेवणाचे ताट जिन्यातच घेत असत.

शब्दांचा जुना शौकीन:
मथळ्याबद्दल लिहितो. ‘शहीद’ या शब्दाची कायद्यात कोणतीही व्याख्या नाही, हे केंद्र सरकारने संसदेत सांगितलेले आहे. तेव्हा तो शब्द म्हणजे सरकारी दर्जा नव्हे, लोकांनी दिलेला मान आहे. ‘हुतात्मा’ हा शब्द आपल्या शहरात अधिक अवघड आहे, कारण हुतात्मा चौकात आपण ज्यांना वंदन करतो ते संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात पोलिसांच्याच गोळीबारात गेलेले होते. नायगावच्या मैदानालाही ‘हुतात्मा मैदान’च म्हणतात. एकाच शब्दाने दोन्ही बाजू पोटात घेतल्या आहेत, यात मला काही वावगे वाटत नाही. परंतु वाचनालयाच्या दारात त्यावरून वाद नको असेल, तर ‘कर्तव्य बजावताना प्राण गमावलेले पोलीस’ असे साधे लिहावे. त्याला कोणाचाही आक्षेप असणार नाही.

गिरगावचा वाचक:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. तारीख २१ ऑक्टोबरच राहील, मथळाही शेवटच्या प्रतिसादातला घेऊ. छायाचित्रांचा विचार सोडला आहे, कारण सर्वांची मिळणार नाहीत. ठिकाणांनुसार यादी लावल्यावर गिरगाव चौपाटीखाली ओंबळे यांचे एकच नाव येते, ते डी. बी. मार्ग पोलीस ठाण्याचे होते, तेव्हा ठाण्याचे नावही सोबत लिहू. आता अडचण एवढीच, की फळा चार फुटांचा आहे आणि आमच्या खडूने लिहिणाऱ्या काकांचे अक्षर मोठे. शेजारच्या शाळेकडून दुसरा फळा दोन दिवसांसाठी मागितला आहे.