प्रतिसाद: पुसट नाणं म्हणजे झिजलेलंच नाणं?

वर दोघातिघांनी लिहिलंय की तपशील पुसट दिसला की नाणं फार वापरलं गेलंय असं समजावं. अर्ध्याच बाबतीत पटतं. पुष्कळ नाणी टांकसाळीतून बाहेर पडतानाच पुसट असतात. डाय, म्हणजे आकृती उमटवणारा ठसा, झिजलेला असतो, त्याच्या खाचेत वंगण आणि धूळ बसलेली असते किंवा दाब कमी पडतो. आणखी एक कारण इथे कुणी लिहिलेलं नाही. एका बाजूला खोल कोरलेला चेहरा असेल, तर ज्या कोऱ्या चकतीवर नाणं पाडतात तिचा धातू तिकडे ओढला जातो आणि नेमक्या त्याच्या मागची आकृती भरतच नाही. पाचव्या जॉर्जच्या ब्रिटिश पेनीवर हे ठळक दिसतं: मागच्या बाजूवर, जिथे ब्रिटानिया (ब्रिटनचं प्रतीक असलेली स्त्री) असते, राजाच्या डोक्याची सावली उमटायची. शेवटी १९२८ पासून डोकंच लहान केलं.

मी स्वतः दहापट भिंग घेऊन नाणं दिव्याखाली हळूहळू तिरपं करते. झिजलेला उंचवटा गुळगुळीत, सपाट असतो आणि आजूबाजूपेक्षा त्याचा रंग वेगळा दिसतो. कमी दाबाच्या जागी मात्र चकतीचे मूळचे बारीक ओरखडे, खडबडीतपणा तसाच राहिलेला असतो आणि नाणं फिरवलं की मूळ चकाकी त्या जागेवरूनही सरकत जाते. माझ्याकडच्या एका पेनीवर ब्रिटानियाचा चेहरा जवळजवळ नाहीच, पण कडेची अक्षरं धारदार आहेत. अशा नाण्याला झिजलेलं म्हणणं अन्यायाचं आहे. आणि कृपा करून ते ‘उठून दिसावं’ म्हणून घासू नका, ही खूणच निघून जाते.