द्राक्षांच्या हंगामात दातांत जाणारी सणक : कारण काय आणि उपाय काय?

प्रश्न : द्राक्ष बागायतदार, तासगाव

माल काढणीला आला की गोडी तपासायला रिफ्रॅक्टोमीटर असतोच. तरीही व्यापारी बागेत येण्यापूर्वी ओळीओळीतून मणी तोंडात टाकून पाहण्याची सवय सुटत नाही, त्यामुळे हंगामभर दिवसातून अनेकदा थोडी थोडी द्राक्षे खाल्ली जातात. तोंड चिकट होते म्हणून दुपारी मी कडक ब्रशने पुन्हा दात घासतो. अलीकडे माठातले पाणी प्यायले किंवा पहाटेचा गार वारा तोंडात गेला, तरी डावीकडच्या वरच्या दातांत सणक जाते आणि लगेच थांबते. कीड कुठे दिसत नाही. संवेदनशील दातांची टूथपेस्ट आठवडाभर वापरली, पण फरक पडला नाही. माझी आई मशेरी लावते. तिच्या दातांना हिरड्यांलगत खाचा पडल्या असून तिलाही हाच त्रास आहे. दोघांचे कारण एकच असेल का?

उत्तर : दंतवैद्य, मिरज

कळ उठण्याची क्रिया एकच आहे, पण तिथपर्यंत पोहोचण्याच्या वाटा वेगळ्या आहेत. दाताच्या बाहेरच्या कठीण आवरणाखाली डेंटिनचा थर असतो आणि त्यात आतल्या नसेच्या दिशेने जाणाऱ्या असंख्य सूक्ष्म नलिका असतात. आवरण झिजले किंवा हिरडी मागे सरकून मूळ उघडे पडले, की या नलिकांची तोंडे उघडी होतात. गार पाणी, वारा किंवा गोड पदार्थ लागताच त्यांतील द्रव हलतो आणि नसेला कळ जाणवते. स्वीडनचे संशोधक मार्टिन ब्रॅनस्ट्रॉम यांनी १९६०च्या दशकात मांडलेले हे स्पष्टीकरण आजही सर्वाधिक मान्य आहे.

फवारणीच्या पाण्याचा सामू (pH; तो जितका कमी, तितकी आम्लता जास्त) आपण तपासतच असाल. दाताचे आवरण साधारण ५.५ सामूच्या खाली विरघळू लागते, मुळाचा पृष्ठभाग तर त्याआधीच. आणि द्राक्षे कितीही गोड लागली तरी त्यांतील टार्टारिक व मॅलिक आम्लांमुळे रसाचा सामू ३ ते ४ च्या आसपास असतो. एका बैठकीत घोसभर द्राक्षे खाण्यापेक्षा दिवसभर एकेक मणी चाखणे दातांना अधिक जाचक ठरते, कारण लाळेला आम्ल निष्प्रभ करून पृष्ठभाग सावरायला उसंतच मिळत नाही. त्यात आम्लाने मऊ झालेल्या दातावर आपण लगेच कडक ब्रश फिरवता. मणी चाखल्यावर साध्या पाण्याने चूळ भरावी आणि ब्रश करायचाच असेल, तर किमान अर्धा तास थांबून मऊ ब्रशने, हलक्या हाताने करावा. उजव्या हाताने घासणाऱ्यांचा जोर बहुधा डाव्या बाजूच्या सुळ्यावर आणि त्यामागच्या दातांवर पडतो. आपली तक्रार त्याच जागेची दिसते.

टूथपेस्टला आठवडा अपुरा आहे. पोटॅशियम नायट्रेट नसेची संवेदना हळूहळू मंदावते, तर स्टॅनस फ्लोराइडसारखे घटक नलिकांची तोंडे बुजवतात. दिवसातून दोनदा, दोन ते चार आठवडे सलग वापरल्यावरच त्यांचा गुण कळतो. घासून झाल्यावर फेस थुंकावा, भरपूर पाण्याने चुळा भरू नयेत.

प्रतिसाद : निवृत्त शिक्षक, कराड

माझा अनुभव उलट आहे. दवाखान्यात दातांची सफाई करून घेतल्यावरच मला सणका सुरू झाल्या. सफाईने दात खिळखिळे होतात, असे आमच्याकडे म्हणतात ते खोटे कसे मानावे?

उत्तर : दंतवैद्य, मिरज

गुरुजी, मुळावर साचलेल्या कीटणाच्या थराने नलिका झाकलेल्या असतात आणि सुजलेल्या हिरड्याही मूळ लपवतात. कीटण निघून सूज ओसरली की मूळ उघडे पडते, म्हणून काही दिवस, क्वचित काही आठवडे, सणका येतात. दात हलू लागतात ते कीटणामुळे झिजलेल्या हाडाने. सफाईनंतर ते केवळ लक्षात येते.

बागायतदारांच्या आईंबाबत मात्र टूथपेस्टवर विसंबू नये. मशेरी म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड. ती बोटाने रोज घासल्याने दात झिजतात आणि हिरड्याही खालावतात. खाचा ग्लास आयनोमर किंवा कॉम्पोझिटने भरता येतात, परंतु मशेरी सुरूच राहिली तर त्या शेजारी झीज चालूच राहील. निकोटीनची सवय असल्याने ती एकदम सोडणे त्यांना जड जाईल, तेव्हा घरच्यांनी टोमणे न मारता डॉक्टरांची मदत घ्यावी. त्यांना तपासणीस आणाल तेव्हा गालाच्या व ओठांच्या आतून पांढरा चट्टा किंवा बरी न होणारी जखम आहे का, हेही पाहून घ्यावे. ते सणकेपेक्षा महत्त्वाचे आहे.

आपली कळ क्षणात थांबते, हे चांगले लक्षण आहे. गरम चहानंतर ती रेंगाळू लागली, रात्री झोपेतून जागे करू लागली किंवा चावताना एकाच दातात उठू लागली, तर नस सुजल्याची किंवा दाताला चीर गेल्याची शक्यता असते. अशा वेळी काढणी संपण्याची वाट न पाहता दवाखाना गाठावा.