शेरलॉकला बालपण हवंच कशाला?

पानखूण
काल इथे एकांनी लिहिलं, ‘मुलांना एकदम मूळ शेरलॉक होम्स देऊ नका, जड जातो. आधी चौदा वर्षांच्या शेरलॉकच्या कादंबऱ्या द्या, मूळ कथा मग आपोआप वाचतील.’ डोक्यातून जात नाहीये, म्हणून वेगळा धागा काढतोय.

अँड्र्यू लेनची ती मालिका मी वाचली आहे. 2010 पासून आलेली आठ पुस्तकं. वाईट लिहिलेली नाहीत. माझा राग दुसऱ्याच गोष्टीवर आहे. त्यात तर्क करायला शिकवणारा एक अमेरिकन शिक्षक आहे, व्हायोलिन शिकवणारा दुसरा. होम्सच्या एकेका गुणाला एकेक मास्तर नेमून दिलाय! आता 1887 ची ‘अ स्टडी इन स्कार्लेट’ आठवा. होम्सचा मित्र वॉटसन त्याच्या ज्ञानाची यादी करायला बसतो. साहित्य शून्य, खगोलशास्त्र शून्य, रसायनशास्त्र सखोल. पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे या माणसाच्या गावीही नाही. शेवटी वॉटसन वैतागून यादी शेकोटीत टाकतो. हा माणूस असा कसा, याचा उलगडा होत नाही म्हणूनच आपण त्याच्याकडे परत जातो ना? उलगडा करून टाकलात की उरलं काय?

भाच्याला ही मालिका मीच दिली होती. त्याने फडशा पाडला. मग ‘बास्करव्हिल’ ही मूळ होम्स-कादंबरी दिली, तर अर्ध्यावर येऊन विचारतो, “यात व्हर्जिनिया कधी येणार?” ही त्या अमेरिकन शिक्षकाची मुलगी, लेनने घातलेली. नाही येणार म्हटल्यावर त्याने पुस्तक मिटलं ते मिटलंच.

दोन मुलांची आई
एका भाच्यावरून तुम्ही सगळी पुस्तकं मोडीत काढलीत. मग माझ्या मुलाचंही ऐका. बाराव्या वर्षापर्यंत त्याने शाळेबाहेरचं एक पान वाचलं नव्हतं. मी रागावले, बक्षिसं लावली, रडलेसुद्धा. मग कुणीतरी चार्ली हिग्सनचं ‘सिल्व्हरफिन’ दिलं. तेरा वर्षांचा जेम्स बाँड, ईटनच्या शाळेत नुकताच आलेला. रात्री दिवा बंद केला तर पांघरुणात टॉर्च घेऊन वाचत होता. पाची पुस्तकं संपवली. मूळ लेखक फ्लेमिंगचा बाँड त्याने अजून वाचलेला नाही आणि त्या वयाला तो द्यायची मला घाईही नाही. प्रत्येक किशोर कादंबरी कुठल्यातरी थोर पुस्तकाची पायरी म्हणूनच का मोजायची?

जुनाट
पानखूण, तुमचा पायाच कच्चा आहे. होम्सला तरुणपण पहिल्यांदा दिलं ते खुद्द त्याच्या लेखकाने, डॉइलने. 1893 ची ‘ग्लोरिया स्कॉट’ काढा. कॉलेजात होम्सला एकच मित्र, तोही कसा मिळतो? सकाळी प्रार्थनेला जाताना त्याचा कुत्रा याच्या घोट्याला चावतो. दहा दिवस अंथरुणात, आणि तो मुलगा रोज चौकशीला येतो. पुढे त्याच मित्राचे वडील होम्सला म्हणतात की असे तर्क लढवणं हाच तुझा पेशा. तोवर होम्ससाठी तो निव्वळ छंद होता. याला पूर्वकथा नाही तर काय म्हणायचं?

पानखूण
म्हणा पूर्वकथा. पण ती होम्स स्वतः सांगतोय, हिवाळ्याच्या रात्री शेकोटीपाशी, वॉटसनला, त्याला वाटलं तेवढीच. एक कुत्रा, एक मित्र, एक वाक्य. आठ खंड नाहीत. फ्लेमिंगचंही तसंच. बाँड 1953 मध्ये आला. आईवडील गिर्यारोहणात गेले, तेव्हा तो अकरा वर्षांचा होता, ईटनमधून मोलकरणीच्या प्रकरणावरून काढलं, हे सगळं 1964 च्या कादंबरीतल्या मृत्युलेखात येतं. बाँड मेला असं समजून लिहिलेल्या! चिमूटभर द्यायचं असतं ते असं.

दोन मुलांची आई
आणि त्या मृत्युलेखातल्या त्या एका ओळीवरूनच हिग्सनने पाचवं पुस्तक उभं केलं. मोलकरणीचं प्रकरण नेमकं काय होतं, मुलांना वाचता येईल असं. मूळ पुस्तक इतकं बारकाईने वाचणाऱ्याला तुम्ही उपटसुंभ ठरवताय.

पानखूण
उपटसुंभ हा शब्द मी वापरलेला नाही. हिग्सनचं मान्य. लेनचं नाही.

रात्रवाचक
तुम्ही दोघं पूर्वकथांवर भांडताय. खरं पाप संक्षिप्त आवृत्त्यांचं आहे. शाळेत असताना मला ‘द साइन ऑफ फोर’ची मुलांसाठीची आवृत्ती मिळाली होती. बावीसाव्या वर्षी मूळ हाती आलं आणि पहिल्याच परिच्छेदात मी थबकलो. होम्स शेकोटीवरच्या फळीच्या कोपऱ्यातून बाटली उचलतो, चामडी पेटीतून सिरिंज काढतो, डावी बाही दुमडतो. हात टोचण्यांच्या खुणांनी भरलेला. वॉटसन हे कित्येक महिने दिवसातून तीनदा बघतोय. सात टक्क्यांचं कोकेन. कादंबरीचं शेवटचं वाक्यही त्या बाटलीवरच संपतं. माझ्या प्रतीत यातलं काहीच नव्हतं. मला फसवलं होतं!

चष्मेबद्दूर
दहा वर्षांच्या पोराच्या हातात सुई द्यायची का मग? मी बाप आहे. मी ते पान स्वतः फाडेन.

रात्रवाचक
फाडा. आणि त्याबरोबर काय फाडताय तेही बघा.

चष्मेबद्दूर
तुमच्यासाठी ही साहित्यचर्चा आहे. माझ्या सख्ख्या भावाची नऊ वर्षं अशाच एका बाटलीत गेली. आमची आई त्याच्या बाह्या तपासायची, उन्हाळ्यातसुद्धा तो पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायचा म्हणून. सगळ्यांचा लाडका, जगातला सर्वांत हुशार माणूस हे करतो, असं माझ्या मुलाने वाचायला नको. यावर मला शिकवू नका.

रात्रवाचक
भावाचं वाचून वाईट वाटलं. मनापासून. ‘फाडा’ असं तोडून बोलायला नको होतं.

पण तुमच्या आईने जे केलं तेच वॉटसन करतोय, एवढंच म्हणायचं होतं. त्याच प्रकरणात तो अनेक दिवस गिळलेलं बोलून टाकतो. क्षणभराच्या सुखापायी एवढी बुद्धी का पणाला लावतोस, किंमत मोजलीस का, मी मित्र म्हणून आणि डॉक्टर म्हणूनही विचारतोय. बाटली काढली की हेही जातं. मग उरतो तो ‘वा होम्स, वा!’ म्हणणारा वॉटसन. माझ्या लहानपणीचा वॉटसन तोच होता, निव्वळ बावळट. आणि 1904 च्या ‘द मिसिंग थ्री-क्वार्टर’मध्ये तो सांगतो की वर्षानुवर्षं खपून मी त्याला त्या सवयीतून हळूहळू बाहेर काढलं. सवय सुटली तरी मेलेली नाही, नुसती झोपली आहे, अशी धास्तीही त्याला आहे. व्यसनी माणसाच्या घरातल्यांबद्दल इतकं खरं मी फार कमी ठिकाणी वाचलंय.

चष्मेबद्दूर
हे मला ठाऊक नव्हतं. दहाव्या वर्षी नाहीच देणार, तुम्ही काहीही म्हणा. पंधराव्या वर्षी बघू. देईन तेव्हा शेजारी बसून वाचेन.

जुनाट
हे पूर्वकथांनाही लागू होतं. मुलाला देताना काय लपवलंय, हा प्रश्न. पानखूण, लेनने निदान काही कापलं नाही, स्वतःचं वेगळं लिहिलं. मूळ पुस्तक फडताळात जसंच्या तसं आहे. संक्षिप्तवाल्यांनी मूळच छाटलं आणि वर डॉइलचं नाव ठेवलं.

पानखूण
त्या हिशेबाने संक्षिप्तवाले जास्त दोषी, हे कबूल करतो. करायचं मनात नव्हतं. पण व्हायोलिनच्या मास्तरांबद्दल माझं मत बदललेलं नाही, आणि व्हर्जिनियाबद्दलही नाही. भाचा आता सोळाचा आहे. या वेळी ‘बास्करव्हिल’ नको, ‘साइन ऑफ फोर’ देतो.

दोन मुलांची आई
मलाही मोठ्यासाठी हवंय. पण पूर्ण आवृत्ती ओळखायची कशी? मुखपृष्ठावर कुणी ‘संक्षिप्त’ असं लिहीतच नाही.

रात्रवाचक
पहिलं वाक्य बघा. फळीवरून बाटली उचलत असेल तर घ्या.